पाटी नसलेलं काम

मामंजी,

या आठवड्यात घरात तीन वस्तू आल्या. चंदनाचं खोड, इथल्या इंडियन दुकानातून, अठरा डॉलर. दुकानदार अस्सल आहे म्हणाला म्हणून मी नाकाला लावून बघितलं. अस्सल नाही, पण उगाळल्यावर रंग धरतं. तुपाच्या दोन बरण्या, सेल लागला होता म्हणून दोन, नाहीतर एकीतच भागवलं असतं. आणि तिसरी वस्तू लांब पुठ्ठ्याच्या नळीतून आली, ती तुमच्या नातीने मागवलेली. जुन्या कागदपत्रांच्या सरकारी भांडारातून एक जुना फोटो काढून द्यायची फी तीस डॉलर आणि तो मोठ्या कागदावर छापून घ्यायचे पासष्ट वेगळे. मी पावती शोधायला लागले तर म्हणाली, "आई, इट्स अ गिफ्ट. प्राइस नको ना बघूस." मी बघितली. आयुष्यभर बघत आले, आता काय सोडणार. चंदन आणि तूप रविवारच्या कार्यासाठी. तुमच्या मुलाचं सहस्रचंद्रदर्शन आहे. तो फोटोही त्याचसाठी होता, आणि त्याच्यामुळेच आज हे लिहायला बसले आहे.

फोटो तुमच्या गावाचा आहे, आकाशातून काढलेला. काळा-पांढरा. तुम्ही होतात त्या काळातला, म्हणजे एसटी स्टँड अजून ओढ्याच्या अलीकडे आहे आणि साखर कारखान्याच्या जागी नुसती शेतं. माणूस दिसत नाही. पण देवळाचं शिखर नाही तरी त्याची सावली दिसते, पेठेचा रस्ता दिसतो, आणि रस्ता वळतो तिथे एक करडा चौकोन आणि त्याला लागून चिंचेच्या सावलीचा काळा डाग. ते तुमचं पोस्ट. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मुलगी म्हणाली, "आई, आर यू शुअर?" मी म्हटलं, अगं त्या चिंचेखाली उभं राहून मी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी पत्र टाकलंय, मला विचारतेस? आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर तो कागद पसरून, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवून बघत होतो, आणि तेवढ्यात हे खोलीतून आले. बूट घालून, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून. हल्ली ते रोज असेच तयार होतात. कामाला जायचं असतं त्यांना.

त्यांनी कागदाकडे बघितलं. मग दोन्ही हात पालथे करून त्यावर ठेवले, भाकरी झाकावी तसे. मला म्हणाले, "पडदे लाव." मी म्हटलं, अहो, भर दुपार आहे. "लाव म्हटलं ना." आवाज चढवला नाही, तुमच्यासारखाच, आवाज खाली गेला की समजायचं. मुलगी दातांची डॉक्टर आहे, घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते तिला येतं. तिने हळूच सांगितलं, "बाबा, इट्स पब्लिक नाऊ. एनीवन कॅन बाय इट." ते म्हणाले, "नो. नॉट धिस." मग कागद गुंडाळून नळीत घातला, नळी घेऊन स्वयंपाकघराच्या कोठीत गेले आणि तांदळाच्या पोत्यांमागे ती उभी करून आले. परत आल्यावर माझ्या जवळ येऊन, मुलीला ऐकू जाऊ नये असं मराठीत विचारलं, "अण्णा उठले का? त्यांनी पाहिलं नाही ना?"

अण्णा म्हणजे तुम्ही, मामंजी. तुम्हाला जाऊन चार तपं होत आली. पण ह्यांच्या लेखी तुम्ही आमच्या कनेक्टिकटच्या घरात, पाठीमागच्या खोलीत, अजून झोपलेले आहात. ते घर विकूनही किती वर्षं झाली. आम्ही आता व्हर्जिनियात हर्नडनला राहतो, मुलीच्या घरापासून दोन सिग्नल अलीकडे. पण डोक्यातलं घर कुणी विकत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की जवळचं आधी पुसतं, लांबचं राहतं. ह्यांचं नेमकं तेच साल राहिलंय, ज्या साली तुम्ही आला होतात.

ते दिवस तुम्हालाही आठवत असतील, म्हणून सगळं लिहीत नाही. सहा महिन्यांसाठी म्हणून तुम्ही आलात. बरोबर मेतकूट, सांडगे, सासूबाईंनी माझ्यासाठी दिलेली साडी, आणि कुलदैवताच्या अंगाऱ्याची पुडी, लाल दोऱ्याने बांधलेली, कोटाच्या आतल्या खिशात. विमानतळावर सामान उघडून बघणाऱ्याने ती पुडी हातात धरून विचारलं हे काय, तर तुम्ही त्याला पोस्टमास्तरच्या इंग्रजीत ठणकावून सांगितलंत, "होली अ‍ॅश, सर. नॉट फॉर सेल." ही गोष्ट घरी आल्यावर तुम्ही तीनदा सांगितलीत आणि तिन्ही वेळा हे हसले. तेवढेच काय ते हसले.

तुम्हाला मुलाचं काम बघायचं होतं. त्यात गैर काय? बाप एवढ्या लांब येतो, मुलगा कुठे बसतो ते बघावंसं वाटणारच. तुम्ही रोज विचारायचात आणि हे रोज म्हणायचे, बघू. एका रविवारी आपण सगळे गाडीतून निघालो. टेकडीच्या वळणावर झाडांमागे ती इमारत आली, लांबट, कुंपणाची, खिडक्या नसल्यासारखी. ह्यांनी वेग कमी केला नाही. तुम्ही मान वळवून मागे बघत राहिलात. पुढे गेल्यावर विचारलंत, "हेच का?" हे म्हणाले, "हो." "आत काय करता?" "काम." "मी काम म्हणजे काय विचारतोय." "अण्णा, सांगता येत नाही." मी मागच्या सीटवर मुलीला मांडीवर घेऊन बसले होते आणि तिने रडावं असं मला मनापासून वाटत होतं, म्हणजे कुणीतरी काहीतरी बोललं असतं. ती शहाण्यासारखी झोपली.

त्या रात्री जेवताना ह्यांनी एकदाच तोंड उघडलं. म्हणाले, "अण्णा, तुम्ही कधी कुणाची मनीऑर्डर आम्हाला सांगितलीत का? आईला तरी?" ते खरं होतं. लग्न होऊन मी तुमच्या घरात आले तेव्हा सगळ्या आळीला जाणून घ्यायचं असायचं, कुणाचा मुलगा मुंबईहून किती पाठवतो, कुणाच्या जावयाची तार आली. तुम्ही ओटीवर बसून सुपारी कातरत राहायचात. सासूबाई म्हणायच्या, ह्यांच्या पोटात अख्ख्या गावाचं टपाल आहे, म्हणून तर जेवण कमी लागतं. मला वाटलं, आता तुम्हाला पटेल. पण तुम्ही भाताला हात न लावता म्हणालात, "माझ्या पोस्टाला पाटी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायची. आत काय चाललंय ते कुणाला सांगितलं नाही, पण हे पोस्ट आहे एवढं गावाला ठाऊक होतं. तुझ्या कामाला पाटी तरी आहे का?" त्या इमारतीवर पाटी नव्हतीच. मीही कितीदा तिच्यावरून गेले होते, मला ठाऊक होतं.

आणि मग तुम्ही बघायला लागलात. पोस्टमास्तरची नजर, पाकीट न उघडता आतलं ओळखणारी. तुम्ही बघितलंत की मुलगा केसांना तेल लावत नाही. सकाळी पूजेला बसतो, पण गंध लावत नाही. कामावर निघण्याआधी हात कोपरापर्यंत घासून धुतो, नखं रोज तपासतो, पावडरचा डबा घरातून बाहेर काढलाय. संध्याकाळी आला की आधी आंघोळ. आपल्याकडे घरात शिरताना आधी आंघोळ कोण करतं? मर्तिकाहून आलेला माणूस. नाहीतर ज्याचा धंदाच तसला आहे तो. हे गणित दुसऱ्या कुठल्या बापाने मांडलं नसतं. इथल्या माणसाला वाटलं असतं, काय टापटिपीचा मुलगा आहे. तुम्ही मला स्वयंपाकघरात गाठलंत. मी पोळ्या लाटत होते. दाराशी उभं राहून, आत न येता, तुम्ही विचारलंत, "सूनबाई, खरं सांग. हा मांसाच्या कारखान्यात तर नाही ना?"

मी म्हटलं, "मामंजी, मला माहीत नाही."

"मॅट्रिक झालेली मुलगी. कोथिंबिरीच्या जुडीचा हिशोब लिहून ठेवते. आणि नवरा पगार कशाचा आणतो ते माहीत नाही?"

तव्यावरची पोळी करपली. मला खरंच माहीत नव्हतं. ह्यांनी मला एवढंच सांगितलं होतं की भिंगांचं काम आहे, आणि कुणी विचारलं तर तेवढंही सांगू नकोस. पण तुम्ही ते विचारल्यावर माझ्या मनात आलं, असेलही. भिंगांना कशाला लागते एवढी आंघोळ? त्या दिवसापासून मीही ह्यांचे कामाचे कपडे वेगळे धुवायला लागले. तुमचा संशय तुम्ही घेऊन गेलात, मामंजी, पण अर्धा माझ्याकडे ठेवून गेलात.

आणि ती सकाळ. सोमवार होता, तुमचा उपास. तुम्ही पूजा आटोपून, पुडीतला अंगारा चिमटीत घेऊन ह्यांच्यासमोर आलात. हे डबा घेऊन निघायच्या बेतात होते. तुम्ही हात कपाळाकडे नेलात आणि ह्यांनी डोकं मागे घेतलं. जास्त नाही, बोटभर. पण मी बघितलं, तुम्हीही. तुम्ही थांबला नाहीत, अंगारा लावलातच. हे तसेच उभे राहिले, मग म्हणाले, "अण्णा, क्षमा करा," आणि मोरीकडे वळले. तुम्ही म्हणालात, "देवाचा अंगारा धुतोस? असं कुठलं पाप करायला जातोस की कपाळावर देव चालत नाही?" आणि पाठ फिरवून खोलीत गेलात, दार लावलंत. चार दिवसांनी तिकीट बदलून घेतलंत. जाताना ती पुडी माझ्या हातात दिली नाहीत, फळीवर ठेवलीत, मिठाच्या बरणीशेजारी.

आता तुम्ही पाठ फिरवल्यानंतरचं सांगते. ते तुम्ही पाहिलं नाहीत, आणि बाप-लेकाच्या मधे सुनेने बोलायचं नसतं म्हणून मीही सांगितलं नाही. ह्यांनी नळ सोडला नाही. फळीवरून स्टीलचं तसराळं घेतलं, ते हनुवटीखाली धरलं, फुलपात्रातलं पाणी कपाळावर ओतून अंगारा धुतला, एक थेंब मोरीत जाऊ दिला नाही. मग ते पाणी खिडकीतल्या तुळशीला घातलं. हात जोडले. डबा उचलला आणि गेले.

पुढच्या थंडीत तुमची तार आली. म्हणजे धाकट्या भावजींनी केलेली. हे काम करत होते तिथून परदेशी जायचं तर आधी परवानगी लागायची, ती यायला वेळ लागला आणि कार्य उरकून गेलं. मागाहून आलेल्या पत्रात भावजींनी एकच ओळ लिहिली होती: दादाला कामापुढे वेळ नव्हता असे लोकांना सांगितले आहे. ह्यांनी ते पत्र घडी घालून ठेवलं आणि नदीवर जाऊन तर्पण केलं, बर्फात, अनवाणी. दुसऱ्या दिवशी तेल न लावता, गंध न लावता कामाला गेले.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी, हे निवृत्त होऊन केस पांढरे झाल्यावर, सरकारने ते सगळं जाहीर केलं. पेपरात आलं, जुन्या सहकाऱ्यांना बोलावून समारंभ झाला, कॉफी, केक, भाषणं. मला बायकांच्या टेबलावर बसवलं होतं. त्या सगळ्या गोऱ्या म्हाताऱ्या एकमेकींना सांगत होत्या की आमच्या ह्यांनी आम्हालाही सांगितलं नव्हतं. एक म्हणाली, मला वाटायचं ह्याची दुसरी बाई आहे. मी मनात म्हटलं, माझ्या सासऱ्यांना वाटायचं खाटीकखाना आहे. इंग्रजीत कसं सांगावं ते सुचलं नाही म्हणून नुसती हसले. परत येताना ह्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि पहिल्यांदा सांगितलं. रशिया आणि अमेरिका एकमेकांवर डोळे वटारून बसले होते तेव्हाची गोष्ट. कुणाकडे किती अस्त्रं आहेत ते बघायला अमेरिका आकाशात कॅमेरे सोडायची, बसएवढे मोठे, कुणाला न सांगता. त्यात मैलोनमैल लांब फिल्म. फोटो काढून झाले की ती फिल्म डब्यात भरून वरून खाली टाकायची, डब्याला छत्री, आणि समुद्रावर विमान येऊन तो डबा हवेतल्या हवेत आकडीने पकडायचं. मी म्हटलं, काटलेला पतंग धरतात तसं? म्हणाले, "तसंच." आता आलेला तुमच्या गावाचा फोटोही त्यातल्याच एका कॅमेऱ्याचा. एवढी वर्षं माझा नवरा आभाळातल्या डोळ्याची भिंगं पुसत होता आणि मी त्याच्या सदऱ्यांवर गंगाजल शिंपडत होते.

मग मी अंगाऱ्याचं विचारलं. त्यांनी स्टिअरिंगवर बोटं ठेवली. म्हणाले, "आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरं घालायचं. तेल नाही, पावडर नाही, गंध नाही. राखेचा एक कण भिंगावर बसला की खालचा अख्खा गाव पुसला जातो. तुझ्या सोवळ्यापेक्षा कडक." मी म्हटलं, मग त्या दिवशी तसेच गेला असतात, तिथे धुतला असतात, निदान अण्णांसमोर नको होतं. तर म्हणाले, "तिथे दाराशी एक माणूस असायचा, ओला बोळा घेऊन. अण्णांनी लावलेला अंगारा परक्याने पुसायचा? म्हटलं, घरीच धुवावा."

हे त्यांनी तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगता येत नव्हतं. सही केली होती, आणि सहीपेक्षा जास्त म्हणजे, तुमचे चिरंजीव होते. ही पोटात टपाल ठेवायची खोड त्यांनी कुठून आणली, मामंजी? गावात दुसरा कोण होता तसा? मला तुमच्यावर राग धरायचा नाही. पण कधीकधी देवापुढे बसले की वाटतं, पाकीट न उघडता ओळखणारा माणूस, त्याला स्वतःच्या मुलाचं तेवढं ओळखू आलं नाही.

आता अडचण सांगते. गेल्या शनिवारी गुरुजी येऊन गेले. गुरुजी म्हणजे नागपूरचा मुलगा, सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटरवर काम करतो, शनिवार-रविवार पौरोहित्य. मंत्र शुद्ध आहेत, दक्षिणा वाजवी आहे. यादी लिहून झाल्यावर जाता जाता त्याने सहज ह्यांच्या कपाळाला गंध लावायला बोट पुढे केलं, आणि ह्यांनी डोकं मागे घेतलं. बोटभर. अगदी तसंच. गुरुजी म्हणाला, "अरे यार," आणि मग जीभ चावून, "सॉरी काका." हे त्याला इंग्रजीत म्हणाले, "आय हॅव टु गो इन." आत जायचंय मला.

मुलगी म्हणाली, "कॅन वी स्किप दॅट पार्ट?"

"स्किप करता येतं, ताई," गुरुजी म्हणाला. "पण यजमानाचं कपाळ कोरं, तर संकल्प कसा सोडायचा? काकूंना चालेल का?"

काकूंना चालणार नव्हतं. गंधासाठी नाही. हे रोज सकाळी बूट घालून पाठीमागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहतात. ती खोली म्हणजे आमच्या इथल्या घरातली वॉशिंग मशीनची खोली. दार ठोकत नाहीत. परत येऊन मला विचारतात, "अण्णा अजून रागावलेत?" एक हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाने रोज सकाळी तेच विचारावं, आणि मी काय सांगायचं? सरकारने सोडलं त्यांना. सही मोकळी झाली. तुमच्या दारातून मात्र ते अजून सुटले नाहीत, आणि जे थोडं आठवतंय तेही जाईल तेव्हा नेमकं एवढंच शिल्लक राहील, ह्याची मला धास्ती आहे.

म्हणून मी एक उद्योग केला. माझ्याकडे परदेशी टपालाचं एक कोरं निळं एरोग्राम होतं, कधीतरी पुण्याच्या फेरीत जास्तीचं घेतलेलं, टाकवलं नव्हतं. तुमची जुनी पत्रं समोर ठेवून, तुमचं वळण गिरवून, वर श्री, खाली सहीतला तुमचा तो शेपटीचा 'श', असं लिहिलं: चिरंजीवास अनेक आशीर्वाद. तुझे काम काय ते मला समजले. मनात काही नाही. बुधवारी टपालाबरोबर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलं, खिडकीशी नेलं, वाचलं. चेहरा सैल झाला, मामंजी, मी बघितला. इतका की मला तुमचा चेहरा आठवला. मग पत्र उलटं केलं. पुन्हा सुलटं. पोस्टमास्तरचा मुलगा. म्हणाले, "शिक्का नाही."

मी म्हटलं, पुसट झाला असेल.

"पुसट होत नाही. अण्णा स्वतः मारतात. नाही उमटला तर दुसऱ्यांदा मारतात." आणि मग माझ्याकडे बघितलं, नवऱ्याने बायकोकडे बघावं तसं नाही, त्या इमारतीच्या दारावरच्या माणसाकडे बघावं तसं. "तुला हे लिहायला कुणी सांगितलं? मी काही बोललो का, ते बघायला पाठवलंय तुला?" त्या दिवशी माझ्या हातचं पाणी प्यायले नाहीत. संध्याकाळी मुलगी आली तेव्हा तिच्या हातून थोडी खिचडी खाल्ली, तीही आधी तिला खायला लावून. पन्नासावर वर्षं ज्याला जेवायला वाढलं त्याने तसं करावं, हे सोसायला मला दोन वेळा स्तोत्र म्हणावं लागलं. दुसऱ्या दिवशी सगळं विसरले, चहा मागितला. मी विसरले नाही.

तर आता तुम्हालाच लिहिते आहे. हे पत्र मी टाकणार नाही, ते मलाही कळतं. घडी करून देवघरात तुमच्या पुडीखाली ठेवीन. पुडी आहे अजून. लाल दोरा गुलाबी झालाय, पण गाठ तुमचीच, मी सोडली नाही. रविवारी सकाळी संकल्पाआधी ती सोडून, तुमच्याच अंगाऱ्याचं बोट ह्यांच्या कपाळाला लावावं असं मनात आहे. पण त्यांनी पुन्हा डोकं मागे घेतलं, चार लोकांत तसराळं शोधायला उठले, तर? आणि मागे घेतलं नाही, तरी मला भीती आहेच. ते कोरं कपाळ म्हणजे त्यांचा शब्द आहे. बाकी सगळं निसटलं, तेवढा शब्द घट्ट धरून बसलाय माणूस. तो मी माझ्या हाताने पुसायचा की राहू द्यायचा, हे ठरवणारी मी कोण? अंगारा तुमचा, मुलगा तुमचा.

एक सांगायचं राहिलं. सकाळी ते विचारतात तेव्हा मी आता 'रागावलेत' म्हणत नाही आणि 'नाही' पण म्हणत नाही. मी म्हणते, चहा ठेवलाय अण्णांचा. आणि खरंच ठेवते, टेबलाच्या त्या टोकाला, कानाचा टवका उडालेला कप, साखर दोन चमचे, तुम्हाला लागायची तशी. तो कप दिसला की ते शांतपणे बसतात आणि स्वतःचा पितात. नंतर ते उठले की तुमचा मीच पिते. दूध इथे स्वस्त नाही. मला डॉक्टरांनी साखर बंद केलीय, तरी पिते, आणि मुलीला सांगितलेलं नाही.

लावू की नको, एवढंच उलट टपाली कळवा. रविवारच्या आत यावं. आणि शिक्का नीट उमटलाय ना ते बघा, नाही उमटला तर दुसऱ्यांदा मारा. तुमचे चिरंजीव आधी तोच बघतात.